अजून एकदा हं

काम अगदी साधं होतं. तळघरातल्या सीटी स्कॅनच्या यंत्राचा आवाज बंद करायचा. एक बटण दाबायचं, पडद्यावर विचारतील त्याला 'हो' म्हणायचं आणि वर येऊन जेवायचं. डॉक्टरीण डबा टेबलावर उघडा ठेवूनच खाली उतरली, इतकं ते काम किरकोळ होतं.

डॉक्टरीण म्हणजे क्ष-किरण विभागाची डॉक्टर. पेशंटला हात न लावता त्याच्या आत बघणारी. साथ सुरू झाल्यापासून तिच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, छात्या बघायचं. विषाणूचा ताप फुप्फुसात उतरला की नाही आणि उतरला असेल तर किती, हे सांगायचं. फुप्फुसाचे पाच भाग असतात, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. प्रत्येक भाग किती व्यापलाय ते बघून शून्य ते पाच गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पंचवीसपैकी गुण. शाळेत जास्त मिळाले की शाबासकी, इथं जास्त मिळाले की ऑक्सिजन.

या चित्रांत हवा काळी दिसते. धडधाकट माणसाचं फुप्फुस काळंभोर दिसतं आणि रोग त्यावर घासलेल्या काचेसारखा पांढुरका पसरतो. त्यामुळे त्या तळघरात, जिथं खिडकी नव्हती आणि भर दुपारीसुद्धा पडद्यांच्या उजेडावरच काम चालायचं, तिथं अंधाराला कुणी घाबरत नव्हतं. घाबरायचं ते पांढऱ्याला.

यंत्राचा आवाज होता 'रेडिओ'चा. रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हे. विभागात यंत्र चालवायला लागली तेव्हापासून तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती, तेव्हा काकांनी हे नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं. काका म्हणजे तिच्याबरोबर यंत्र चालवणारे, निवृत्तीला आलेले. यंत्र नवीन आलं तेव्हा त्यात कुणा परक्या बाईचा खरखरीत आवाज होता. 'श्वास आत घ्या, रोखा' असं तो खेकसायचा आणि म्हातारी माणसं त्या बोगद्यात पडल्या पडल्या दचकून हलायची. चित्र हललं की वाया. मग रेडिओनं एका दुपारी स्वतःच्या आवाजात तीन वाक्यं भरली. "दीर्घ श्वास घ्या. धरून ठेवा." आणि चित्र निघालं की, "आता सोडा, झालं हं."

त्या 'झालं हं'वर माणसं हसत बाहेर यायची. कुणी हललंच तर ती काचेमागून माइकवर म्हणायची, "अजून एकदा हं! हललात तुम्ही. लग्नाचा फोटो असता तर हलला असतात का?" हे मात्र भरलेलं नव्हतं. ते ती दर वेळी नव्यानं, त्या त्या माणसाला बघून म्हणायची.

रेडिओ जाऊन महिना होत आला होता आणि आवाज अजून आतच होता. तिच्या जाण्याची गोष्ट सांगायची तर आधी साहेबांची सांगावी लागेल. रुग्णालयाचे अधीक्षक. माणूस डॉक्टरच, पण पेशंटच्या छातीला नळी लावून त्यांना कित्येक वर्षं झाली होती. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर ठरलेलं. वरून आदेश आहे. म्हणून सगळे पाठीमागे त्यांना आदेशसाहेब म्हणत. खाटा कमी पडायला लागल्या तेव्हा आदेशसाहेबांनी नियम काढला, की पंधराच्या वर गुण असतील त्यालाच खाट, बाकीच्यांनी घरी जावं. आणि स्कॅनशिवाय कुणालाच खाट नाही.

डॉक्टरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ते गुण आजच्या दिवशी छाती कशी आहे एवढंच सांगतात, उद्याचं नाही. रोग छातीत उतरायला वेळ लागतो. पहिल्या दिवसांत काढलेलं चित्र काळंभोर येऊ शकतं आणि तोच माणूस आठवडाभरात पांढराफटक पडू शकतो. हे तिनं साहेबांना सांगितलं, मग ओरडून सांगितलं. साहेबांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि नियम होता तिथंच राहिला.

मग रेडिओलाच ताप आला. ती स्वतःच्याच यंत्रात जाऊन झोपली आणि स्वतःच्याच हुकमावरून श्वास धरला. बाहेर येऊन म्हणाली, "ताई, जन्मात पहिल्यांदा मी माझं ऐकलं!" गुण आले सहा. डॉक्टरिणीनं सांगितलं, ही सुरुवात आहे, हिला नजरेखाली ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा बघू. साहेब म्हणाले, "सहा म्हणजे सहा, मॅडम. आपल्या माणसाला वेगळा न्याय लावला तर लोक काय म्हणतील?"

तिला घरी पाठवलं. परत आणलं तेव्हा ती बोलू शकत नव्हती, रेडिओ बोलू शकत नव्हती, यावरूनच सगळ्यांनी ओळखायला हवं होतं. पण स्कॅनशिवाय खाट नाही. म्हणून तिची ढकलगाडी तळघराच्या रांगेत लावली, तिच्याच खोलीच्या दाराबाहेर. आतून तिचाच आवाज येत होता. धरून ठेवा. आता सोडा, झालं हं. धरून ठेवा. तिची पाळी आली तेव्हा धरून ठेवायला तिच्याकडे श्वासच उरला नव्हता.

तो आवाज रोज ऐकून डॉक्टरिणीला अन्न गोड लागेना. म्हणून त्या दुपारी तो बंद करायला ती खाली गेली.

यंत्राच्या टेबलावर बेकरीवाला झोपला होता. रुग्णालयासमोरच त्याची बेकरी. साथीतसुद्धा पहाटे भट्टी पेटवणारा धिप्पाड माणूस. काकांनी नुकतंच त्याचं चित्र काढलं होतं. डॉक्टरिणीनं पडद्यावर ओझरती नजर टाकली. खाली कडेला थोडा पांढुरकेपणा होता, गुण फार तर सात.

"काका, आवाज बंद करते," ती म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. "करा. मला नाही झालं ते."

तिनं बटण दाबलं. पडद्यानं विचारलं, तिनं 'हो' म्हटलं. आवाजाच्या खुणेवर काट आली. खोलीत नुसती यंत्राची घरघर राहिली आणि स्पिरिटचा थंड वास. डॉक्टरीण दाराकडे वळली.

"अजून एकदा हं."

ती जागीच थबकली. काकांचे हात मांडीवर होते. माइक बंद होता. काचेपलीकडे टेबल आपोआप मागे सरकलं आणि पुन्हा बोगद्यात शिरायला लागलं.

"दीर्घ श्वास घ्या. धरून ठेवा."

"काका... तुम्ही..."

"मी हात नाही लावला, मॅडम."

चित्रं येऊ लागली. डॉक्टरिणीच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो आवाजामुळे नव्हे. पहिल्या चित्रात जो पांढुरकेपणा कडेला होता, तो आता पाचही भागांत चढला होता. त्याच फासळ्या आणि तेच हृदय. बेकरीवाल्याच्या कॉलरच्या हाडाचा जुना जुळलेला मोडही तोच. माणूस तोच होता आणि छाती मात्र आठ दिवसांनी पुढची. गुण एकोणीस.

"आता सोडा," आवाज म्हणाला. पण पुढचं 'झालं हं' आलंच नाही.

बेकरीवाला उठून बसला. "दोनदा काढलं? काही वाईट आहे का, बाई?"

तिनं दोन्ही चित्रं आदेशसाहेबांकडे नेली. त्यांनी एकावर एक धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "पहिलं धरा."

"सर, त्याला दोन दिवस ठेवून बघू. चुकलं तर माझी मान कापा."

"तुमच्या मानेचं मी काय करू? सात म्हणजे सात."

बेकरीवाला घरी गेला. दोन दिवस भट्टी पेटली, मग पेटली नाही. आठव्या दिवशी त्याला आणलं तेव्हा काकांनी चित्र काढलं आणि डॉक्टरिणीनं ते त्या दुसऱ्या चित्राशेजारी लावलं. ठिपक्याला ठिपका जुळत होता. इतकं हुबेहूब, की कुठलं आजचं आणि कुठलं तेव्हाचं हे काकांना सांगता येईना. त्या संध्याकाळी बेकरीवाला गेला.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्याहून मोठा होता राग. तो असा भरून राहिला की भीतीला बसायला जागाच उरली नाही. मेलेली पोरगी येऊन सांगते, हात जोडून नव्हे तर पुरावा देऊन सांगते, आणि जिवंत माणूस चष्मा पुसतो!

त्यानंतर यंत्राचा आवाज कुणी चालू केला नाही आणि तो बंदही झाला नाही. तारा तपासणारा माणूस आला, डोकं खाजवून गेला. जो बरा होणार त्याला आवाज नीट सोडायचा, "आता सोडा, झालं हं." एखाद्याच्या वेळी मात्र, "अजून एकदा हं." मग डॉक्टरीण दुसरं चित्र उचलायची, पहिल्याला हातही लावायची नाही. दुसऱ्याचेच गुण ती वर कळवायची, माणसाला खाट मिळायची.   आणि त्या खाटांवरची बरीचशी माणसं, वेळेवर ऑक्सिजन मिळाल्यामुळे, चालत घरी जायला लागली.

मग रेडिओची आई आली.

बारकीशी बाई, कपाळावर तापाची लाली, हातात पिशवी. शिवणकाम करून मुलीला शिकवलेली. डॉक्टरिणीला बघून म्हणाली, "तुम्हीच ना त्या ताई? ती घरी आली की तुमचंच पुराण लावायची. आमटी करपायची, पण हिचं संपायचं नाही."

डॉक्टरिणीनं दार उघडलं. "मावशी, चला आत. मी आहे."

टेबलावर झोपवताना तिला एकदम आठवलं. या बाईला माहीत नव्हतं. लेकीचा आवाज यंत्रात आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीण काचेमागे धावली, स्पीकरची वायर हाताला लागेल तशी उपटली, दोन्ही टोकं लोंबायला लागली.

"दीर्घ श्वास घे," स्पीकर म्हणाला. "धरून ठेव."

घ्या नाही, घे. ठेवा नाही, ठेव.

काचेपलीकडे म्हातारीची पावलं ताठ झाली. ती हलली नाही. अजिबात हलली नाही, तशी न हललेली छाती डॉक्टरिणीनं अख्ख्या साथीत बघितली नव्हती.

"आता सोड." आणि क्षणभरानं, "अजून एकदा हं, आई."

टेबल मागे आलं आणि पुन्हा आत गेलं. पहिल्या चित्राचे गुण पाच होते, दुसऱ्याचे एकवीस. डॉक्टरिणीनं ते बघितलं आणि आधी काय केलं असेल तर ढसाढसा रडली. मग डोळे पुसले आणि वर फोन लावला. वरच्या मजल्यावर एकच खाट रिकामी होती. ती तिनं धरली.

म्हातारीला बाहेर काढलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. काचेकडे बघत तिनं हळूच विचारलं, "आत बसलीये का ती?"

काकांनी तोंड फिरवलं. डॉक्टरीण म्हणाली, "दिसत नाही, मावशी."

"दिसायचीच नाही. लपायची सवय आहे तिला." म्हातारीनं पिशवी छातीशी धरली. "आवाज बसलाय तिचा. रागावलीये कुणावर तरी. रागावली की असाच बसतो."

दुसऱ्या सकाळी आदेशसाहेब तळघरात उतरले. साथ सुरू झाल्यापासून ते इथं पहिल्यांदाच येत होते. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं, म्हणजे बाहेरच्या रांगेला ऐकू जावं.

"पाच गुणांची बाई ऑक्सिजनच्या खाटेवर कशी, मॅडम? ओळखीची म्हणून?"

"दुसऱ्या चित्रात एकवीस आहेत."

"ते यंत्र बिघडलंय हे मी सांगितलंय! मनाला येईल ते छापतंय आणि तुम्ही त्यावर खाटा वाटताय." त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "थांबा. सगळ्यांसमोर दाखवतो. मला काहीही झालेलं नाही. ना ताप, ना खोकला. माझं काढा. दोन चित्रांत फरक आला, तर यंत्र बिघडलं हे सिद्ध. मग ती बाई आजच घरी जाईल, आणि तुम्हीही."

डॉक्टरिणीच्या मनात लख्खकन एकच गोष्ट चमकली. हा माणूस म्हातारीला मारणार. रांगेतली माणसं दाराशी गोळा झाली होती, तोंडावर फडकी धरून, माना उंचावून. साहेब टेबलावर झोपले, हात डोक्याच्या वर घेतले. पायांतले चकचकीत बूट बोगद्याबाहेर राहिले.

काकांनी यंत्र चालू केलं.

"दीर्घ श्वास घ्या," तो आवाज म्हणाला. रोजचाच होता, पण आज त्यात हसू नव्हतं. "धरून ठेवा."

पहिलं चित्र आलं. काळंभोर, स्वच्छ, शून्य गुण. माणूस खरंच धडधाकट होता.

"अजून एकदा हं."

टेबल फिरून आत गेलं. "दीर्घ श्वास घ्या. धरून ठेवा."

दुसरं चित्र पडद्यावर उतरायला लागलं, वरून खाली, एकेक काप. डॉक्टरीण बघत राहिली. काका उठून उभे राहिले. काळं कुठंच नव्हतं. खांद्यापासून पोटापर्यंत दोन्ही फुप्फुसं चुना ओतल्यासारखी भरली होती. पाच भाग, प्रत्येकी पाच. आजवरच्या सगळ्या छात्यांमध्ये पंचवीसपैकी पंचवीस तिनं कधी दिले नव्हते.

टेबल थांबलं. सगळे वाट बघत होते. 'आता सोडा' यायला हवं होतं. आलं नाही. स्पीकर नुसता खरखरत होता, कुणीतरी त्याच्या अगदी जवळ तोंड आणून गप्प बसल्यासारखा. बोगद्याबाहेरच्या बुटांची टोकं थरथरायला लागली. साहेब हुकमाची वाट बघत श्वास धरून पडले होते. आयुष्यभर हुकमाचीच वाट बघितलेला माणूस, सवय जाते कुठं.

"सर, सोडा," शेवटी काकाच ओरडले. "सोडा श्वास!"

साहेब खोकत उठले. तोंड लालबुंद. काचेमागे येऊन त्यांनी पडद्याकडे बघितलं. त्यांनी पेशंट बघणं सोडलं होतं, पण ते चित्र वाचायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती.

"बघा," ते दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले. "शून्य आणि पंचवीस! बघितलंत? यंत्र..." आणि वाक्याच्या मधोमध थांबले. तोंड उघडं, छाती फुगलेली, डोळे डॉक्टरिणीवर. मग कुणीतरी धक्का दिल्यासारखं पुढचं बाहेर पडलं, "...यंत्र बिघडलंय."

त्यांनी दार लोटलं. आवाज खाली आला. "मॅडम... बेकरीवाल्याचं... जुळलं होतं का? अगदी?"

"ठिपक्याला ठिपका."

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "वरची ती खाट... म्हणजे बाईंना तशी आत्ता गरज... पाच गुण म्हणजे तसे... आजच्या दिवस ती खाट माझ्यासाठी..."

ते काय मागतायत हे कळायला डॉक्टरिणीला एक क्षण लागला. आणि कळलं तेव्हा इतक्या दिवसांचा सगळा राग, रांगेतली ती ढकलगाडी, विझलेली भट्टी, पुसलेला चष्मा, सगळं एकदम घशाशी आलं. तिनं जाऊन दार पुन्हा सताड उघडलं.

"सर, यंत्र बिघडलंय ना? हे तुम्हीच सांगितलंत. या सगळ्यांनी ऐकलंय. मग पहिलं चित्र धरायचं. तुमचाच नियम." तिचा आवाज चढला आणि तिनं चढू दिला. "पहिल्यात शून्य आहेत. शून्य म्हणजे शून्य. आणि यंत्र बरोबर असेल, तर तेही या लोकांना सांगा. बेकरीवाल्याला आणि आमच्या पोरीला घरी का धाडलंत तेही सांगा. मग मी स्वतः तुम्हाला वर नेते, खाट नसेल तर माझ्या खोलीत टाकते. बोला!"

  साहेबांनी कोट उचलला आणि बाह्यांत हात न घालताच ते जिना चढून गेले. म्हातारीची खाट म्हातारीकडेच राहिली. डॉक्टरिणीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

साहेब रजेवर गेले. काही दिवसांनी त्यांना ताप आल्याची बातमी आली. घरचे म्हणाले, दवाखान्यात चला. ते म्हणाले, मला काही झालेलं नाही. मग म्हणाले, येतो, पण त्या यंत्रात झोपणार नाही. आणि स्कॅनशिवाय खाट नाही हा नियम अजून कुणी मोडला नव्हता, कारण तो मोडायचा अधिकार साहेबांकडेच होता. डॉक्टरिणीनं निरोप धाडला, या, नियम गेला खड्ड्यात, मी आहे. रागावलेली असली तरी डॉक्टर होती ती. उत्तर आलं नाही. त्यांना भेटून आलेला कारकून सांगत होता, की साहेब बोलता बोलता थांबतात. श्वास आत घेतात आणि तसेच बसून राहतात, कुणीतरी काही म्हणायची वाट बघितल्यासारखे.

इकडे म्हातारीची छाती आवाजानं सांगितली तशीच पांढरी पडली होती. पण ती ऑक्सिजनवर होती, पालथी झोपत होती, परिचारिकांशी भांडत होती. हळूहळू ती खाटेवर उठून बसली, मग व्हरांड्यात फिरायला लागली. एका स्वच्छ दुपारी डॉक्टरीण तिला घरी सोडण्याआधी शेवटचं चित्र काढायला खाली घेऊन आली. खाली येण्याआधी म्हातारीनं केस नीट विंचरून घेतले होते.

"बोलेल का ती?" तिनं टेबलावर झोपता झोपता विचारलं.

"बघू, मावशी."

काकांनी यंत्र चालू केलं. स्पीकरची वायर अजून तशीच लोंबत होती, ती कुणी जोडली नव्हती.

"दीर्घ श्वास घे. धरून ठेव."

चित्र उतरलं. पांढरं विरलं होतं, जागोजाग नुसते ओरखडे राहिले होते. आणि भोवती काळंभोर, सुंदर काळं. काका डॉक्टरिणीकडे बघून हसले, रेडिओ गेल्यापासून पहिल्यांदा. मग दोघंही थांबली. स्पीकर गप्प होता. पुढचं येत नव्हतं. डॉक्टरिणीला दिसलं, म्हातारीची पावलं अजिबात हलत नव्हती. ती माइककडे झेपावली, तेवढ्यात आवाज आला. सावकाश, नीट, आणि किती दिवसांनी त्यात ते जुनं हसू होतं.

"आता सोडा. झालं हं."

डॉक्टरीण धावतच आत गेली. "मावशी! फार वेळ धरायला लावलं का? बऱ्या आहात ना?"

म्हातारी आरामात उठून बसली होती, पिशवी शोधत. "मी कुठं धरलं? मला तर तिनं केव्हाच सोड म्हटलं, कानात. घरी जा म्हणाली, औषधं घे म्हणाली." तिनं स्पीकरकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. "हे आत्ताचं कुणाला म्हणाली? मला ती 'सोडा' म्हणत नाही."

भिंतीवरचा फोन वाजायला लागला. तो वरच्या मजल्यावरून, साहेबांच्या कचेरीतून यायचा. काकांनी उचलला, ऐकला आणि खाली ठेवला.  साहेब गेले, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच डॉक्टरिणीला कळलं.

"झालं म्हणायचं," काका पुटपुटले. "संपलं, मॅडम. आता जाईल ती."

डॉक्टरिणीलाही तसंच वाटलं. तिनं म्हातारीचा हात धरला आणि दाराशी आली. टेबल रिकामं होतं. रांगेतलं पुढचं माणूस अजून बाहेरच होतं. यंत्राची घरघरसुद्धा थांबली होती.

"दीर्घ श्वास घ्या," स्पीकर म्हणाला.

तिघंही थबकली. हसू पुन्हा गेलं होतं. आवाज बसला होता.

"धरून ठेवा."

रिकाम्या टेबलाकडे बघताना डॉक्टरिणीला साहेबांचं नेहमीचं वाक्य आठवलं. वरून आदेश आहे. कुठल्या वरून, कुणाचा, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. आता कुठंतरी वर, कुठल्यातरी गार खोलीत, चांगल्या खुर्चीवर बसलेलं कुणीतरी वाक्याच्या मधोमध थांबलं असेल, तोंड उघडं आणि छाती फुगलेली.

काकांचा हात विजेच्या मुख्य खटक्याकडे गेला होता. "बंद करू का, मॅडम? सगळंच?"

डॉक्टरिणीनं म्हातारीची पिशवी घेतली, स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"राहू द्या," ती म्हणाली.